बार्शीत एक फ्रेम एकदाच

सुरवसे चष्मेघराचा एक नियम होता आणि तो अख्ख्या बार्शीला पाठ होता. एक फ्रेम गावात एकदाच विकली जाणार. म्हणजे कासवाच्या पाठीच्या रंगाची, कोपऱ्यात किंचित वर उचललेली फ्रेम तुम्ही घेतलीत की विषय संपला. तशी दुसरी कुणाला मिळणार नाही, मग तो आमदार असू दे नाही तर तुमचा सख्खा भाऊ. काउंटरमागून ऋजुताचे बाबा, धनंजय सुरवसे, हसत सांगायचे, "ती गेली हो साहेब. पण ही बघा. ही तुमच्या नाकाची वाट बघत बसलीय."

लोकांना याचं भारी कौतुक. नियम मूळचा आजोबांचा. त्यांनी दुकान टाकलं तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या नाकावर एकच काळी जाड फ्रेम असायची. हेडमास्तर, पोस्टमन, किराणावाले, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. आजोबांनी मुंबईच्या घाऊक बाजारातून पोत्यानं फ्रेमा आणल्या, ज्या सारख्या निघाल्या त्यांच्या काड्या बदलल्या, कडा घासल्या आणि गावाचे चेहरे एकमेकांपासून सुटे केले.

आणि बाबांची स्मरणशक्ती! गिऱ्हाईक पायरीवर असतानाच आतून हाक यायची, "या या बारंगुळे वहिनी, सासूबाईंचा मोतीबिंदू काय म्हणतोय?" वर्षानं आलेला माणूससुद्धा पायरीवरच खूश होऊन जायचा.

ऋजुता, म्हणजे घरात आणि शाळेत सगळ्यांची ऋजू, या दुकानातच वाढली. पाढ्यांच्या आधी तिला दशकं पाठ झाली ती भिंतीवरच्या काचेच्या कपाटातल्या जुन्या फ्रेमांवरून. मांजरीच्या डोळ्यांसारख्या टोकदार होत्या त्या साठच्या दशकातल्या. त्यानंतर अर्धा चेहरा गिळणारे मोठ्ठे चष्मे आले, मग सोनेरी तारेचे, वर दुहेरी दांडी असलेले. पुढे तर फ्रेम घातलीय हे कळूच नये असे चपटे, बिनकाठाचे आयत. आणि मग फिरून पुन्हा तोच आजोबांच्या वेळचा जाडजूड काळा! तो लावून कॉलेजची पोरं स्वतःला केवढी नवी समजत होती म्हणे. फॅशन पुढे जात नाही, ती आपली गल्लीतच चकरा मारते, असं ऋजूचं ठाम मत होतं.

ऋजू नववीत गेली त्या वर्षी बाजारात 'बहुरूपी' आला आणि या चकरा एकदम थांबल्या. कारण आता सगळी दशकं एकाच चष्म्यात मावली होती.

बहुरूपीची गंमत अशी, की काडीपासून नाकपट्टीपर्यंत सगळी फ्रेम आकार लक्षात ठेवणाऱ्या प्लास्टिकची. त्यात अगदी बारीक वीज सोडली की ते कोमट होऊन मऊ पडतं, शिकवून ठेवलेल्या दुसऱ्या आकारात सरकतं आणि गार झालं की पुन्हा घट्ट. त्यात रंग भरलेला नसतोच. फुलपाखराच्या पंखावर असतात तसे सूक्ष्म थर असतात. थरांमधलं अंतर बदललं की परत फिरणारा प्रकाश बदलतो, निळ्याचं तांबडं होतं. आणि काच? ती तर काचच नाही! दोन लवचीक पापुद्र्यांमध्ये कोंडलेला पारदर्शक द्रव. कडेनं दाब कमीजास्त केला की पापुद्रा फुगतो किंवा खोलगट होतो आणि तसतसा नंबर बदलतो. सकाळी मांजरडोळी, दुपारी सोनेरी गोल, संध्याकाळी बिनकाठाचा. फोनवर बोट फिरवलं की झालं.

पुण्याच्या मामानं ऋजूला वाढदिवसाला बहुरूपी दिला आणि पोरगी बदललीच. साडेचारचा नंबर, पहिलीपासून चष्मा, त्यामुळे शाळेत तिचं नाव 'ढापणी'. बैलाच्या डोळ्यांवर ढापणं बांधतात ना, त्यावरून. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारी ती मुलगी आता रोज नवं दशक लावून वर्गात शिरायची आणि पोरी विचारायच्या, "ऋजू, आज कुठलं साल?" हात वर करून उत्तरं काय द्यायला लागली, स्नेहसंमेलनात निवेदन काय केलं! पुढे हळूहळू सगळ्यांकडेच बहुरूपी आले. शिपायांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत.

एक छोटी अडचण तेवढी झाली. ऋजू कुणालाही कुणाच्याही नावानं हाका मारायला लागली. "ए वैदेही!" म्हणून पाठीत धपाटा घातला की ती भलतीच निघायची. पण वेंधळेपणाबद्दल ती आधीपासूनच प्रसिद्ध होती. जिवलग मैत्रीण आफरीन मुलाणी तिच्याबरोबर मालिका बघायला बसायची नाही, कारण दर पाच मिनिटांनी ऋजू विचारायची, "हा मघाचाच ना?" आणि आफरीन कपाळावर हात मारून घ्यायची, "अगं तो व्हिलन आहे! दोघांना दाढी आहे म्हणून काय एक झाले?"

तर, एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ऋजूनं आत्याबरोबर जाऊन वेण्या कापून टाकल्या, खांद्यापर्यंत केस केले, आत्याचाच एक जांभळा कुर्ता चढवला, बहुरूपीला साठच्या दशकात नेलं आणि बाबांना दाखवायला थेट दुकानात गेली.

"या ताई, बसा," बाबा म्हणाले. "नवीन करायचाय की काचा बदलायच्यात?"

ऋजूला हसू फुटत होतं. बाबा आणि नाटक! तिनं तोंड मिटून घेतलं, स्टुलावर बसली आणि गिऱ्हाइकासारखं बोटानं कपाट दाखवलं.

बाबांनी कपाटातली एक मांजरडोळी काढून मऊ फडक्यानं पुसली. "जुन्याची आवड दिसतीय. छान. ही विकायची नाही, पण बघा हातात घेऊन. कॉलेजला का? माझी मुलगी तुमच्याहून जरा लहान असेल. तिला हल्ली माझी निवड आवडत नाही." ते स्वतःशीच हसले. "पण धीट झालीय पोरगी. बरं वाटतं बघून."

ऋजू हसायची थांबली. बाबांना इतकं चांगलं नाटक येत नाही.

"बाबा," ती म्हणाली.

आवाज कानावर पडला मात्र, बाबांच्या हातातली फ्रेम निसटून काउंटरवर आपटली. "अगं, ओळखलं होतं मी! गंमत केली," ते घाईघाईनं म्हणाले. पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. फ्रेम उचलताना त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी ढगे आण्णांचं रामायण झालं. बब्रुवान ढगे म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बाबांचे जुने मित्र. संध्याकाळचा चहा दुकानात ठरलेला. त्यांचा दोरी बांधलेला चौकोनी चष्मा बार्शीत कुणीही ओळखला असता. त्या दिवशी नातवानं दिलेला बहुरूपी घालून, टोपीऐवजी उन्हाचा गमछा गुंडाळून आण्णा आले, घाम पुशीत न बोलता बसले. ऋजू मागे गृहपाठ करत होती.

"बसा. नंबर काढलेला आहे का?" बाबांनी विचारलं.

"नंबर?" आण्णा उठूनच उभे राहिले. "चाळीस वर्सं माझा नंबर तुमच्या घराण्याकडंच हाय की! नातवानं दुसरीकडनं चष्मा आणला म्हणून मला वळख दाखवंना व्हय रं धन्या? एवढा माज?"

"आण्णा, तसं नाही..."

"तसं न्हाय तर कसं? वाण्याला पन तू असंच केलंस. शिंदे बाईंला पन. सगळा गाव बोलतोय. बाहेरनं चष्मा घेतला की धनंजय वळख इसरतोय."

आण्णा पायरी उतरून गेले. चहा आला, तो तसाच गार झाला. त्या रात्री जेवताना बाबांनी सांगून टाकलं, की सोलापूरला काचा घासायच्या कारखान्यात काम मिळतंय, मागच्या खोलीत, गिऱ्हाइकांची कटकट नाही. दिवाळीनंतर दुकानाचा गाळा भाड्यानं द्यायचा.

"अहो, पण तुम्हाला तर माणसं लागतात सारखी!" आई म्हणाली.

"लागायची," बाबा म्हणाले.

ऋजूला रडायला यायला हवं होतं. आलंही थोडं. पण त्याहून जास्त तिला प्रश्न पडले, आणि प्रश्न पडले की तिला बसवत नसे. बाबांचे डोळे बिघडलेत? तिनं दुकानातल्याच यंत्रावर त्यांचा नंबर काढला. चष्मा लावून ते सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचत होते. स्मरणशक्ती? नाव सांगितलं की ते कुणाचाही नंबर, नाकाची रुंदी, मुलाबाळांची शिक्षणं, सगळं सांगत. मग बिघडलंय कुठे?

"बिघडलंय असं कशाला म्हणतेस?" विज्ञानाच्या तासाला तिनं बाबांचं नाव न घेता हे विचारलं तेव्हा बुरगुटे मॅडम म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला, उजव्या कानाच्या मागे खालच्या अंगाला बोराएवढा ठिपका दिला. "झाड, बस, पातेलं ओळखायला मेंदूचा एक रस्ता. चेहऱ्यांसाठी मात्र हा खास भाग. चेहरे तसे सगळे सारखेच असतात बघ, दोन डोळे, मधे नाक, खाली तोंड. त्यातला केसाएवढा फरक पकडून, 'ही आपली ऋजुता' असं क्षणात सांगायचं काम याचं. काही माणसांत तो जन्मापासूनच जरा आळशी असतो. शंभरात दोघांना तरी. पुष्कळदा घराण्यात चालत येतं. आणि यातल्या अर्ध्याअधिकांना आयुष्यभर पत्ताच नसतो."

"असं कसं, मॅडम? कळणार नाही का स्वतःला?"

"तुला दिसणारा लाल आणि मला दिसणारा लाल एकच आहे हे तुला कुठे कळतं? ती माणसं दुसऱ्या खुणांवर भागवतात. चाल, आवाज, केस, कपडे..."

"चष्मा," ऋजू म्हणाली. आणि मग एकदम ओरडली, "एक फ्रेम एकदाच!" सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला.

त्याच संध्याकाळी ती दुकानात गेली. बाबा गरम वाळूत चष्म्याची काडी धरून वाकवत होते. हे काम करताना ते कुणाकडे बघत नसत, म्हणून तिनं तीच वेळ निवडली.

"बाबा, शनिवारी तुम्ही गंमत केली नव्हती ना?"

"काय गं, ते उकरून काढतेस."

"मी भांडायला नाही आले. मला समजून घ्यायचंय. चेहरा बघितला की तुम्हाला काय दिसतं?"

हा प्रश्न बाबांना उभ्या जन्मात कुणी विचारला नसावा. काडी वाळूत तशीच राहिली.

"दिसतं सगळं," ते सावकाश म्हणाले. "नाक दिसतं, डोळे दिसतात, हनुवटीवरचा तीळ दिसतो. पण नदीतले गोटे असतात ना? एक उचललास, नीट निरखलास, वा म्हणालीस. मग टाकलास परत गोट्यांत. आता उद्या येऊन तोच शोधून दाखव."

"आणि चष्मा?"

"चष्मा म्हणजे गोट्यावर नाव लिहिल्यासारखं." त्यांनी वाळूतली काडी बाहेर काढली; ती जास्तच वाकली होती. "तुझे आजोबा म्हणायचे, धन्या, दोघांना एक फ्रेम देऊ नकोस, घोळ होतो. मला वाटायचं हिशेबाचा घोळ. आता वाटतं, त्यांचंही हेच असणार. बोलले नाहीत कधी. आणि खरं सांगू का? मला कितीतरी वर्षं वाटायचं, की सगळ्यांनाच असं होतं. बाकीचे फक्त जास्त लक्ष देतात."

ऋजूनं डोळ्यांवरचा बहुरूपी काढून काउंटरवर ठेवला. बाबांची आकृती धुक्यात गेली. "मी याला कुलूप घालते. एकच आकार, कायमचा. तुम्ही सांगाल तो."

"अजिबात नाही." बाबांचा आवाज चढला. "माझ्या सोयीसाठी तू एकच तोंड घेऊन फिरणार? मान खाली घालून बसायचीस वर्गात. आता हात वर करतेस म्हणे. तशीच राहा."

"मग लोकांना सांगून टाका ना! काय त्यात?"

"दुकानदारानं पायरीवरच्या माणसाला विचारायचं, तुम्ही कोण? ज्याच्या बापाच्या डोळ्यांचा नंबर आपण काढला, ज्याच्या लग्नात जेवलो, त्याला? ऋजू, त्यापेक्षा मागची खोली बरी. सोलापूरचं ठरलंय."

ऋजूनं बहुरूपी पुन्हा डोळ्यांवर चढवला. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं. ऋजूच्या डोक्यात एकच होतं, दिवाळीच्या आत गावाला ही गोष्ट समजली पाहिजे, म्हणजे बाबांना ती सांगावी लागणार नाही. बाबांचं नाव अर्थातच घ्यायचं नाही.

तिनं आणि आफरीननं चाचणी तयार केली. संगणकानं बनवलेले, जगात कुठेच नसलेले चेहरे. केस, चष्मा, कान सगळं कापून नुसता अंडाकृती भाग. आधी एक चेहरा नीट बघायचा, मग तीन समोर येणार, त्यातला मघाचा कुठला ते सांगायचं. असे तीस वेळा. आफरीनला अठ्ठावीस आले, बुरगुटे मॅडमना सत्तावीस. ऋजूनं स्वतः चाचणी दिली नाही. उत्तरं तिनंच भरली होती, फायलींच्या क्रमांकावरून, मग तिचा निकाल धरणार कसा?

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात बहुरूपी कंपनीचा वाढदिवस. त्या एका दिवशी जगभरचे सगळे बहुरूपी आपोआप एकाच रूपात जायचे, आणि या खेपेला निवड झाली होती सोनेरी तारेच्या गोल चष्म्याची. मुलं, पालक, पाहुणे, ज्याच्या त्याच्या नाकावर तोच गोल. ऋजूचाही तोच.

'मला ओळखलंत का?' अशी पाटी लावलेल्या तिच्या टेबलापुढे रांग लागली. बडबड करून घसा बसला, तरी तिला थांबायचं नव्हतं. "या काकू, घाबरायचं नाही, परीक्षा तुमची नाही, मेंदूतल्या बोराची आहे!" लोक हसत होते, बोट ठेवत होते, पंचवीस-सव्वीस-एकोणतीस काढून कॉलर ताठ करून जात होते.

मग निळा झब्बा घातलेले एक गृहस्थ आले. ताजी कटिंग केलेली, डोळ्यांवर आजचाच गोल. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. ऋजूनं पडदा त्यांच्याकडे वळवला. ते प्रत्येक चेहरा इतका वेळ, इतक्या कष्टानं बघत होते की मागची माणसं चुळबुळायला लागली.

अकरा आले.

ऋजूनं पटकन पडदा स्वतःकडे फिरवला, मागच्यांना दिसू नये म्हणून. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिसातले दहा बरोबर येतात. तिला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. पुढे वाकून ती हळूच म्हणाली, "काका, मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. माझ्या बाबांचंही असंच आहे. आणि माझे बाबा म्हणजे, काय सांगू, बार्शीत त्यांच्याइतकी माणसं कुणालाच माहीत नाहीत."

गृहस्थांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते.

"ऋजू," ते म्हणाले.

आवाज बाबांचा होता. लेकीच्या प्रदर्शनाला म्हणून त्यांनी आज, तिला न सांगता, बहुरूपी लावला होता. ऋजूनं त्या चेहऱ्याकडे बघितलं. मिशा होत्या. हनुवटीवर तीळ होता. सगळं होतं. पण आवाज ऐकण्याआधी त्या सगळ्याचे बाबा झालेले नव्हते.

"अगं मला वाटलं तू नाटक करतेयस!" शेजारून आफरीन म्हणाली. "मी तर काका दारातनं आले तेव्हाच ओळखलं."

"दारातून? एवढ्या गर्दीत? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? चेहऱ्यावरून!"

ऋजू आफरीनकडे बघत राहिली. मग धपकन खुर्चीवर बसली. "आफे, नवे तीस चेहरे काढ. मी न बघितलेले. आत्ता, लगेच."

रांग तिष्ठत राहिली आणि ऋजुता सुरवसेनं स्वतःचीच चाचणी दिली. पहिल्या दहात तिला खात्री वाटत होती. मग खात्री गळत गेली. गोटे, नुसते गोटे! आफरीननं आकडा दाखवला. चौदा. वैदेहीच्या पाठीतले धपाटे, मालिकेतले दोन दाढीवाले, सगळं भराभर डोळ्यांपुढून गेलं. म्हणजे हा वेंधळेपणा नव्हता! आणि बाकीच्यांना चेहरे खरंच, अगदी सहज, आपोआप... केवढी अजब गोष्ट! सगळं जग एक जादू करत होतं आणि तिला आज कळत होतं.

"माझ्यामुळं," बाबा म्हणाले. ते टेबलाची कड धरून उभे होते. "माझ्याकडून आलं तुला."

"बाबा, साडेचारचा नंबरही तुमच्याकडूनच आलाय. तेव्हा रडला होतात का?"

बाबांना रडता रडता हसू आलं. "नाही. फ्रेम शोधायला लागलो होतो."

"मग?"

"हे वेगळं आहे. तुला जन्मभर माणसांना विचारावं लागणार, तुम्ही कोण म्हणून. लोक किती लागट बोलतात, तुला माहीत नाही."

"विचारीन की. पण कसं विचारायचं? कुठल्या आवाजात, कधी हसायचं, समोरचा चिडला तर काय करायचं?" ऋजूनं त्यांचा झब्बा धरला. "तुम्ही सोलापूरला मागच्या खोलीत बसलात तर मला शिकवणार कोण?"

बाबांनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते टेबलामागे तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. दिवेलागणीला रस्त्यावर हीऽ गर्दी, आणि ज्याला त्याला सोनेरी गोल. समोरून एक माणूस हात वर करून, तोंडभर हसत थेट त्यांच्याच रोखानं यायला लागला.

"कोण गं?" बाबांनी ओठ न हलवता विचारलं.

"मला काय विचारता! आता मलाही नाही ना कळत!"

दोघांनाही खुदकन हसू फुटलं. पण माणूस जवळ आला तसे बाबा गंभीर झाले, झब्बा सारखा केला, घसा साफ केला.

"माफ करा," बाबा म्हणाले. "मला चेहरे ओळखता येत नाहीत. जन्मापासूनच येत नाहीत. आजपर्यंत मी हे लपवलं. तुमच्याशी वाईट वागलो असेन तर तो माज नव्हता. तुम्ही कोण, तेवढं सांगा."

माणूस बावरला. एकदा बाबांकडे, एकदा ऋजूकडे बघून म्हणाला, "मी... मी परांड्याचा हो. आपली काहीच ओळख नाही. भगवंताचं देऊळ कुठं आलं, एवढंच विचारायचं होतं."

बाबांनी त्याला देऊळ सांगितलं. चौकात वळायचं कुठे, दर्शनाला कुठल्या दारानं जावं आणि चहा कुठला घ्यावा हेही सांगितलं. तो पाठमोरा झाला आणि बापलेक रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत सुटले. एवढं आयुष्यभराचं गुपित, आणि पहिल्यांदा सांगितलं कुणाला, तर परांड्याच्या वाटसरूला!

हसू ओसरलं तेव्हा बाबांना पलीकडच्या पानपट्टीपाशी कुणीतरी दिसलं. एक म्हातारा त्यांच्याकडेच बघत होता. नजरानजर झाली तशी त्यानं मान फिरवली.

या वेळी बाबांनी ऋजूला विचारलं नाही. ते सरळ रस्ता ओलांडून गेले. ती मागोमाग.

"मी धनंजय सुरवसे," बाबा म्हणाले. आता घसा साफ करावा लागला नाही. "मला चेहरे ओळखता येत नाहीत. मी चष्म्यावरून माणसं ओळखायचो. आता ती सोय राहिली नाही. तुम्ही नाव सांगितलंत तर बरं होईल."

म्हाताऱ्यानं त्यांना खालीवर न्याहाळलं. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"चष्म्यावरनं?"

"हो."

"म्हंजी चाळीस वर्सं तू माझ्या चष्म्यासंगं चहा पीत व्हतास व्हय रं?"

बाबांचा चेहरा उजळला, पण ते काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. पानाची पिंक टाकली, छाती भरून श्वास घेतला आणि भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचवायचा तो ठेवणीतला आवाज काढला.

"बब्रुवान विठ्ठल ढगे! निवृत्त कंडक्टर, बार्शी आगार!"

अख्ख्या रस्त्यानं मागे वळून बघितलं.

"ऐकू आलं का आता? का आनिक एकदा वरडू?"

"ओरडा आण्णा," बाबा म्हणाले. "पोरीलाही ऐकू दे. तिलाही ओळखू येत नाही."